डुकरानं पळवलेली माती

कुणाचा विश्वास बसणार नाही, हे तोराकिचीनं आधीच सांगून टाकलं. ज्याचा बसेल त्यानं डोकं तपासून घ्यावं, असंही वर म्हणाला. पण भातरोपांच्या वाफ्यातली वरची चार बोटं माती रानडुकरानं पळवली, ही गोष्ट मात्र शंभर नंबरी खरी.

पडवीत चौघं ऐकत होती. गावकचेरीचा मेगुरो मांडीवर कागद घेऊन बसला होता. अणुभट्टी फुटली त्याला पाच वर्षं झाली. त्या आठवड्यात पावसाबरोबर जे खाली आलं ते वरच्या मातीत मुरलं, आणि ती माती खरवडून काळ्या पोत्यांत भरायचं काम शेतामागून शेत करत आता तोराकिचीच्या दाराशी पोचलं होतं. बाकीची जमीन खरवडून झाली होती. वाफ्यावर मजूर गेले तर माती आधीच नाहीशी. ती कुठं गेली हे लिहिल्याशिवाय मेगुरोला घराचा दाखला देता येईना, आणि दाखल्याशिवाय गाव सोडून गेलेल्या कुणाला तिथं परत राहायला येता येईना.

डुक्कर न्हाणीतल्या टाकीएवढं होतं म्हणे. तीन दिवस पहाटे यायचं, ओल्या वाफ्यात लोळायचं आणि अंगाला माती थापून डोंगर चढायचं. आता तर ते अंधारात चमकतं, त्यामुळं पलीकडच्या वाडीतल्या लोकांना कंदील लागत नाही.

सून चिहारु हसली आणि हसता हसता तिनं पोटावर हात ठेवला. सातवा महिना होता. घर बघायला ती शहरातून पहिल्यांदाच आली होती. पोर इथं आणायचं की नाही, ते ती आणि नवरा मिळून ठरवणार होते. खाली चटईवर बसवत नव्हतं, म्हणून सकाळपासून कोपऱ्यातल्या स्टुलावर, मुळे मुरवायच्या लाकडी पिंपाला पाठ टेकून बसली होती. जेवलीही तिथंच.

शेजारचा यासो म्हणाला, की तुझ्या डुकराला फावडं कुणी दिलं ते सांग. मेगुरोनंही मान डोलावली. वाफ्याच्या कडा दोरी लावून कापल्यासारख्या सरळ होत्या, त्यानं स्वतः पाहिल्या होत्या.

"आमच्या गावचं डुक्कर आहे, साहेब," तोराकिची म्हणाला. "बांध मोडत नाही."

हात्सुनो बाटलीतल्या पाण्याचा चहा ओतत होती. नवऱ्याच्या थापा ऐकून तिला आता हसू येत नसे, पण थाप कुठं वळणार हे कळायचं. आज ती वळतच नव्हती. डुक्कर डोंगरावर पोचलं तरी तोराकिचीची नजर पुन्हा पुन्हा कोपऱ्यात जात होती.

"सूनबाई, तिथं वारा लागतोय तुला," तो मध्येच म्हणाला. "इकडं ये."

"असू द्या, बाबा. पाठीला टेकू मिळतोय."

हात्सुनोनं पेल्यांकडं पाहिलं. वाफ सरळ वर चढत होती. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

मग तिनं पिंपाकडं पाहिलं. झाकणावर दगड होता. नदीतला तो काळा दगड तिच्या सासूचा. दर हिवाळ्यात त्याच्याखाली मुळे मुरायचे. पाच वर्षांत या घरात एक मुळा मुरला नव्हता, आणि दगड पागोळ्यांखाली शेवाळ धरून पडला होता. आता तो पिंपावर होता. शेवाळ अजून ओलं होतं.

ती चहा ओतायची थांबली. गेल्या आठवड्यात नवऱ्याची नखं काळी दिसली होती, तेव्हा तिनं विचारलं नव्हतं. त्या वाफ्यात पाच पिढ्यांचा पालापाचोळा कुजला होता. नवी नवरी होऊन आली त्या वर्षी तिनंही जंगलातून पानांच्या टोपल्या वाहिल्या होत्या. अशी माती पोत्यात भरून देणं त्याला जमलं नसणार, हे तिला कळत होतं.

पण त्या मातीत जे मुरलं होतं त्याला वास नाही, रंग नाही. सुनेची पाठ फळीला टेकलेली, आणि फळीपलीकडं ती माती. सकाळपासून. किरणं मोजायचं मेगुरोचं मीटर दाराशी पिशवीत बंद होतं. चहाला बसल्यावर ते चालू ठेवणं त्याला बरं वाटलं नव्हतं.

चिहारु आणखी मागं रेलली आणि तिनं डोळे मिटले. म्हणाली, बाळ लाथा मारतंय, त्यालाही गोष्ट आवडलेली दिसते.

मेगुरोनं पेनाचं टोपण काढलं. रानडुक्कर असंच लिहू का, म्हणाला, साक्षीदार असेल तर चालेल. यासो खिदळला.

"विचारा हिला," तोराकिची म्हणाला.

शेचाळीस वर्षं त्याची प्रत्येक थाप इथंच येऊन संपायची. विळा गिळणारा मासा असो की भर उन्हाळ्यातलं दहिवर, तो म्हणायचा विचारा हिला, आणि ती म्हणायची, हो, मी पाहिलं. आताही सगळे तिच्याकडं वळले. तोराकिचीचे ओठ हसत होते. डोळे हसत नव्हते.

हात्सुनोनं किटली खाली ठेवली. कोपऱ्यात गेली, सुनेला दंडाला धरून उठवलं आणि पार दाराशी, उन्हात आणून उभं केलं. चिहारु गोंधळून बघत राहिली. सासूनं तिचा दंड सोडला नाही.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "डुकरानं पिंपावर दगड कशाला ठेवला?"