ऐकू आलं तरच दाबा

"ऐकू आलं की बटण दाबायचं. कितीही बारीक असलं तरी. पण अंदाजाने दाबायचं नाही हं," ताई माइकवर म्हणाल्या आणि काचेपलीकडे टकळी कसनुशी हसली. हीच वाक्यं ती स्वतः दिवसभर पेशंटना ऐकवायची. आज हेडफोन तिच्या डोक्यावर होता आणि बटण तिच्या हातात.

कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी या दोघी करायच्या. ताई मुख्य, टकळी त्यांच्या हाताखाली. कामावरच्या पहिल्या दिवशी तिच्या तोंडाची टकळी जी सुरू झाली ती थांबेचना, म्हणून ताईंनीच हे बारसं केलं. पुढे मोठ्या डॉक्टरांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला टकळीच म्हणू लागले. खऱ्या नावाने हाक मारणारं तिथे कुणी उरलं नाही.

गेले काही आठवडे मात्र टकळी गप्प होती. नळ सोडला, पंखा लावला की तिला हाक ऐकू यायची. मागून, अगदी शांत, खऱ्या नावाची. वळून पाहावं तर कुणी नाही. मग रस्त्यातली माणसं आपल्याबद्दलच कुजबुजताहेत असं वाटायला लागलं. तसं काही नाही, हे तिला कळत होतं. पण दिवसेंदिवस ते जरा कमी कळत होतं, आणि त्याचीच तिला भयंकर भीती वाटत होती.

झोप लागत नाही म्हणून ती घराजवळच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी टॉनिक दिलं. आईला म्हणाली, "कानात काहीतरी होतंय गं." आईने तेल कोमट केलं, आणि कानात काय घालावं नि काय घालू नये हे रोज लोकांना बजावणारी ही बया मान कलती करून मुकाट्याने ते घालून घेत बसली. पुढचं सांगायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटायची. नसलेले आवाज ऐकणारीला कानाच्या दवाखान्यात कोण ठेवून घेईल? आणि आई तर हायच खाईल. मनाच्या डॉक्टरांचा दवाखाना त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. टकळी जिन्यापर्यंत जायची आणि चप्पल झटकल्यासारखं करून परत यायची. ताईंनी एकदा ते पाहिलंही होतं. असेल काही प्रेमाबिमाचं, म्हणून त्यांनी कानाडोळा केला.

"माझेही कान एकदा बघा ना," एवढंच ती आज ताईंना म्हणाली होती. तपासणी सुरू झाली. बारीक शिट्टी, बटण. आणखी बारीक शिट्टी, बटण. मग ताईंनी आवाज बंद केला. ही त्यांची जुनी सवय. मध्येच थोडा वेळ नुसती शांतता ठेवायची. उतावळे पेशंट तेवढ्यातही दोनचारदा बटण दाबून मोकळे होतात. त्यांना या दोघी आपसात 'हौशी मंडळी' म्हणायच्या.

शांतता सुरू झाल्याचं टकळीने लगेच ओळखलं. त्या बंद खोलीत तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आणि मग हाक आली.

अंगठा बटणावर होता. दाबलं नाही तर काहीच बिघडणार नव्हतं. कान उत्तम निघतील, ताई पाठीत धपाटा घालतील आणि ती हाक सोबत घेऊन संध्याकाळी ती घरी जाईल. कालच्यासारखीच. टकळीला रडू फुटलं. तिने बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

ताईंच्या यंत्रावर दिवा लागला. "काय गं, तूही हौशी मंडळीत?" त्या हसत म्हणाल्या. दिवा विझेना, तेव्हा त्यांनी काचेतून नीट पाहिलं.

"आत्ता काही वाजत नव्हतं, टकळे."

"माहितीये, ताई."

"मग अंदाजाने दाबलंस?"

"नाही. ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"माझं नाव. तुम्ही कुणी घेत नाही ते."

इतक्या दिवसांचं तिचं गप्प राहणं आठवून ताईंना स्वतःची लाज वाटली. त्या उठल्या, जाड दार ओढून आत गेल्या आणि तिच्या डोक्यावरचा हेडफोन हलकेच काढला.

"मग बरोबर दाबलंस," त्या म्हणाल्या.

त्यांनी वर मनाच्या डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या, असं तिकडून सांगितलं. इतक्या लवकर येणारे फार थोडे असतात, फोन केलात हे बरं केलंत, असंही म्हणाले. दोघी जिना चढल्या आणि डॉक्टरांच्या दाराकडे पाठ असलेल्या बाकावर टेकल्या.

"कान ठणठणीत आहेत हं तुझे," काहीतरी बोलायचं म्हणून ताई म्हणाल्या.

"ते मी मागेच तपासले होते. तुम्ही डबा खायला गेला होता तेव्हा."

"मग आज परत कशाला बसलीस, बाई?"

टकळी ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "तोंडाने सांगता येईना. म्हटलं, तुम्ही मध्ये शांतता ठेवताच."

ताईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. तेवढ्यात पाठीमागून हाक आली. शांत आवाजात, खऱ्या नावाची. टकळी जागची हलली नाही. भेदरून तिने ताईंकडे पाहिलं.

"मलाही ऐकू आली गं," ताई म्हणाल्या. "ऊठ."