आता तरी झोपा

तिसऱ्यांदा ‘आ’ वाकडा गेला तेव्हा तिने क्रीमची पिशवी ओट्यावर ठेवली, ते अक्षर सुरीने अलगद खरवडून काढलं आणि केकचा वरचा थर पुन्हा सारखा केला. मग ती स्टुलावर बसली. दुपारचे साडेतीन वाजले होते. पाच वाजता हॉस्पिटलातल्या मुली केक न्यायला येणार होत्या.

“अहो,” तिने बाहेरच्या खोलीकडे बघून हाक मारली. “जरा इकडे या. हात धुऊन या.”

नवरा चष्मा कपाळावर चढवून दारात आला. चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आता पाट्या मशीनवर छापून येतात, म्हणून तो घरी बसून पेपर वाचायचा. ओट्यापाशी यायचा तो रिकामा कप ठेवण्यापुरता.

“एवढं लिहून द्या. ‘आता तरी झोपा, सिस्टर.’ रात्रपाळीची सिस्टर निवृत्त होतेय. तिच्या वॉर्डातल्या मुलींनी सांगितलंय.”

“तू लिही ना. मला काय कळतंय त्यातलं?”

तिने उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. तिने ती थांबवायचा प्रयत्नही केला नाही. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

“कधीपासून?”

“झाले पाच-सहा महिने.”

“बोलली नाहीस.”

“चहा देताना बशी वाजायची. तुम्ही म्हणालात, या बशा बदल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रागवायचंही त्राण नसावं. तो मोरीशी गेला आणि कोपरापर्यंत हात धुऊन आला.

“हा वरचा थर आहे,” ती सांगू लागली. “याच्या खाली एक पातळ हात दिलाय, केकचा चुरा धरून ठेवायला. तो फ्रीजमध्ये घट्ट झाला की मग हा.”

“म्हणजे अस्तर.”

“अस्तर म्हणा. ही पिशवी. अर्धीच भरायची. ठासून भरली की क्रीम उलटं मनगटावर येतं. वर पीळ द्या. उजव्या हाताने वरून दाबायचं, डाव्याचा नुसता आधार. नोझल टेकवायचं नाही, जरा वर धरायचं. आधी ताटलीवर करा.”

त्याने पिशवी ब्रशसारखी तीन बोटांत धरली. पचकन गोळा पडला.

“एवढं दाबताय कशाला?”

“दाबल्याशिवाय रंग उतरत नाही.”

“हा रंग नाही.”

तिने ताटली पुसून दिली. त्याने पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. पाचव्या वेळी अक्षर उमटलं, पण लगेच पसरलं.

“हात गरम आहेत तुमचे. क्रीम सैल पडतंय. पाच मिनिटं पिशवी फ्रीजमध्ये ठेवा.”

त्याने ठेवली. दोघं ओट्याच्या दोन टोकांना उभी राहिली. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली.

“डॉक्टरकडे गेली होतीस?”

“गेले होते.”

“काय म्हणाले?”

“वाढत जाईल म्हणाले. हळूहळू.”

तो काहीतरी विचारणार होता. तेवढ्यात ती म्हणाली, “झाली पाच मिनिटं.”

केक चौकोनी होता. त्याने लगेच लिहायला घेतलं नाही. टूथपिक मागून घेतली, ओठांतल्या ओठांत अक्षरं मोजली आणि मधोमध खूण करून दोन्ही बाजूंना बारीक रेघा ओढल्या. ती इतकी वर्षं डावीकडून सुरू करून अंदाजाने लिहीत आली होती.

“हे काय?”

“शेवटचं अक्षर मावलं नाही तर दुकानदार ऐकून घेत नाहीत.”

मग तो वाकला. ‘आता’ जरा जाड झालं. ‘तरी’ बरं झालं. ‘झोपा’पाशी त्याने श्वास रोखून धरला, आणि तिनेही.

“अक्षर संपायच्या आधी दाबणं सोडा. मग उचला. नाहीतर शेपूट राहतं.”

‘सिस्टर’मधल्या शेवटच्या ‘र’ला शेपूट राहिलंच. त्याने तिच्याकडे पाहिलं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “कोण बघतंय एवढं.”

असं ती पूर्वी कधी म्हणाली नव्हती. एवढ्याशा शेपटासाठी तिने अख्खे केक पुन्हा लिंपून काढले होते. ती परत स्टुलावर बसली आणि डोळे मिटून भिंतीला टेकली.

बराच वेळ झाला तरी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला नाही. तिने डोळे उघडले. तो केकच्या खालच्या कोपऱ्यावर नाक टेकेल इतका वाकला होता. पाटी पुरी झाली की पेंटर तिथे बारीक अक्षरांत आपलं नाव घालतात. ती उठून जवळ गेली. त्याने तिचं नाव लिहिलं होतं.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“वेलांटी चुकली,” ती म्हणाली. “माझी दुसरी आहे.”

“हो?”

“साऱ्या गावाच्या पाट्या लिहिल्यात तुम्ही.”

“हे नाव कधी लिहिलं नव्हतं.”

दारावरची बेल वाजली. पाचला अजून दहा मिनिटं होती. तो घाईने पिशवी ठेवून दाराकडे निघाला. तिने त्याची बाही धरली. तिचा हात थरथरत होता आणि त्याच्याबरोबर बाहीही.

“थांबतील त्या,” ती म्हणाली. “आधी वेलांटी नीट करा.”