हेल्पलाइनवाली

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाचं प्रहसन रंगात आलं होतं. ग्राहकांना तुसडेपणाने उडवून लावणारी हेल्पलाइनवाली चारुता करत होती. ग्राहक होणाऱ्या काकूंचा घसा ऐनवेळी बसला, म्हणून साताऱ्याहून नुकत्याच आलेल्या तिच्या आईलाच उभं केलं होतं. आई वाक्यं विसरणार, या धास्तीने चारुताचा जीव थाऱ्यावर नव्हता.

झालंही तसंच. फोन कानाला लावताच आई गोंधळली आणि बोलून गेली, "अगं, जेवलीस का?"

हशा पिकला. आता सांभाळून घेणं भाग होतं. चारुताने तोंडाला आलं ते फेकलं, "कामाचं बोला, मला मीटिंग आहे."

"काम काही नाही गं, सहजच केला. खोकला गेला का तुझा?"

"नंतर करा. बिझी आहे."

"बरं, ठेवते मग."

टाळ्या थांबेनात. विंगेत दिग्दर्शक सुमंत धावत आला. "काकू, कमाल केलीत! यातलं एकही वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तुम्ही दोघींनी तालीम केली तरी कधी?"

आई खुशीत हसली. "तालीम कसली रे? दर रविवारी आम्ही असंच तर बोलतो."