दहा वर्षांनंतरचा खर्च

लग्न ठरल्यावर सुनिल स्वातीला आलापल्लीहून नागपूरला प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेला. तिला काहीच झालेलं नव्हतं. झालं होतं ते सुनिलला. मोबाईलमधल्या बायका पाहून पाहून त्याच्या मनाने घेतलं होतं, की स्वातीची छाती जरा भरली तर लग्नाचे फोटो बरे येतील.

डॉक्टरबाईंनी शांतपणे खर्च समजावून सांगितला. ऑपरेशन, भूल, इम्प्लांटची जोडी आणि दवाखान्यातला मुक्काम, असे सगळे मिळून पावणेदोन लाख. शिवाय महिना-दीड महिना जड उचलायचं नाही.

"तुह्ये बाबा देतीन ना?" सुनिलने स्वातीला विचारलं.

"काऊन? आपल्या आदिवासींत लग्नाचा खर्च पोराकडचे करतात. नोकरी लागली त भुलला काय?"

सुनिलने मनातल्या मनात डीजे रद्द केला. "बरं, मीच देतो. एकदाच त द्याचा हाय."

"एकदाच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दहा-पंधरा वर्षांनी इम्प्लांट बदलावं लागू शकतं. तो खर्च वेगळा."

आता स्वाती खुर्चीसकट त्याच्याकडे वळली. "तवा मी चाळिशीले आली असन. तू इम्प्लांट बदलशीन का मलेच बदलशीन?"

सुनिल तसा खोटं बोलणारा माणूस नाही. "तवाचं तवा पाहू," तो म्हणाला.

स्वाती उठली. "दहा वर्षं कायले थांबाचं, मॅडम? नवरदेव मी आजच बदलून टाकतो."