येताना डावी

"जाताना उजवी खिडकी घ्या, भावोजी. पंखाच्या पुढची."

धाकट्या दिराचा हात माउसवरच थांबला. परवा परदेशात कामावर अपघात झाला आणि दादा गेला. त्याला घरी आणायचं तर तिथे वहिनीचीच सही लागणार होती, म्हणून तिचं तिकीट काढणं चाललं होतं. आतल्या खोलीत आई रडून रडून आता नुसती कण्हत होती. आणि हिला खिडकी सुचत होती!

"वहिनी, दाराजवळची कडेची जागा बरी. उठाबसायला सोपी," तो म्हणाला. खरं तर लोक काय म्हणतील, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"उजवीच. चाळीस मिनिटांनी बर्फाचे डोंगर लागतात."

हे दादाचं पालुपद. घरात सगळ्यांनाच ते तोंडपाठ होतं. दर सुट्टीत दादा पलंगावरची रजई चुरगाळून तिचे डोंगर करायचा आणि त्यांच्यावरून वहिनीचा कंगवा उडवत न्यायचा. "जाताना उजवी, येताना डावी, डोक्यात पक्कं बसव. पंखावर बसलीस तर नुसता पत्रा दिसेल. पत्रा काय, मी रोजच बघतो!" दादा वेल्डर होता. वहिनी हसायची, कंगवा काढून घ्यायची आणि म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. अकरा वर्षं ते पुढचं वर्ष कधी मुलीच्या परीक्षेत अडकलं, कधी आईच्या गुडघ्यांत. वहिनीने विमान आतून कधी पाहिलंच नाही.

दिराने उजवी खिडकी निवडली. पडद्यावरचा त्या जागेचा हिरवा चौकोन राखाडी झाला.

"आता येतानाची डावी," ती म्हणाली.

डावीकडे पंखाच्या पुढची एकच खिडकी उरली होती. त्याने तीही घेतली. मघाशी आपण मनातल्या मनात हिच्यावर चिडलो, याची त्याला लाज वाटली. तो पडद्यावरून नजर हलवेना.

वहिनी खुर्ची ओढून जवळ आली. विमानाच्या चित्रातल्या रांगा तिने बोटाने एकेक करत मोजल्या. स्वतःच्या चौकोनाशी बोट जरा थांबलं, मग शेजारच्यावर गेलं.

"आणि ह्यांची?"

"वहिनी... दादाला सीट नसते. त्याला खाली ठेवतात. सामानाच्या कप्प्यात."

तिने मान हलवली. ते तिला ठाऊक असावं. पण बोट काही तिने उचललं नाही.

"मग विचारून बघा ना, भावोजी," ती म्हणाली, "खाली डाव्या बाजूला ठेवतील का?"