ओला दगड

शेवटची फळी निघाली आणि मुकादमाने वर पाहिलं. संगमरवरी आई होती तशीच उभी होती, घराच्या छपराएवढी उंच. पण तिच्या खांद्यावर बसलेल्या मुलीचा वर उचललेला हात जागेवर नव्हता. तो खाली, ओल्या पाचोळ्यात पडला होता.

राजवाड्याच्या बागेतली ही मूर्ती दर हिवाळ्यात फळ्यांच्या पेटीत बंद करायची आणि बर्फ वितळला की उघडायची, हे मुकादमाचं काम. त्यात नियम म्हणावा असा एकच. पेटी लावण्याआधी दगड खडखडीत वाळू द्यायचा. गेल्या खेपेला पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि मुकादमाला तर साडूच्या घरी जायची घाई.

"दगड ओला आहे हो," सुतार तेव्हा म्हणाला होता.

"दगडाला काय सर्दी होणार आहे? ठोक खिळे!"

आपल्याच विनोदावर मुकादम तेव्हा पोटभर हसला होता. आता ते आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बागेचे अधीक्षक तुटलेल्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या शेजारी शिल्पकाराची मुलगी काठी टेकून उभी होती. आता सत्तरी उलटलेली, पण पेटी उघडायच्या दिवशी न चुकता येणारी. खांद्यावरची ती मुलगी म्हणजे तीच. वडिलांनी तिला लहानपणी तासन्‌तास स्टुलावर बसवून ती मूर्ती घडवली होती.

"हे कुणाच्या चुकीनं झालं?" अधीक्षकांनी विचारलं.

सुतार खाली बसून खिळे वेचू लागला.

"बाबांच्या," बाई म्हणाल्या. "या हाताच्या दगडात शीर होती, आतली बारीक चीर. काम निम्म्यावर आल्यावर त्यांना ती दिसली. दुसरा एवढा दगड मिळणार नव्हता, म्हणून त्यांनी राजेसाहेबांना सांगितलंच नाही. पुढे जन्मभर झोपेत दचकून उठायचे. हात पडला, हात पडला म्हणून."

मग त्या मुकादमाकडे वळल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले. "तुम्ही लेकरासारखी जपलीत हो ही मूर्ती. त्यांच्या वतीनं मी तुमची माफी मागते."

मुकादमाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गप्प राहिला असता तर सुटला असता. पण ते जोडलेले हात त्याला बघवेनात.

"बाई, तसं नाही ते. शीर होती, पण इतकी वर्षं तिनं काही केलं नाही. मी दगड ओला असताना पेटी लावली. पाणी शिरेत गेलं, गोठलं, आणि दगड फाकला. चूक माझी आहे."

बाईंचे डोळे भरून आले.

"मेलेल्या माणसाची अब्रू राखायला एवढा आळ अंगावर घेता?"

"आळ नाही हो, खरंच सांगतो! या सुताराला विचारा. खिळे त्यानंच ठोकलेत."

सुताराने मान वर केली. त्याने एकदा अधीक्षकांकडे पाहिलं, एकदा मुकादमाकडे.

"मुकादम असेच आहेत, बाई," तो म्हणाला. "दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर फोडून घ्यायची यांची जुनी खोड आहे."

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"इथे मूर्तीच्या इतिहासाची पाटी आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तिच्यावर आता हेही घालावं लागेल. काय लिहू या?"

बाईंनी मुकादमाच्या पाठीवर हात ठेवला.

"खरं ते लिहा. चूक माझ्या वडिलांची होती," त्या म्हणाल्या. "आणि त्याखाली या भल्या माणसाचं नाव घाला."