चाळीस दिवसांच्या बांगड्या

दर राखेच्या बुधवारी पप्पा ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी दारू सोडायचे आणि त्याच संध्याकाळी आई हात भरून काचेच्या बांगड्या घालायची. पुढचे चाळीस दिवस तिचा हात कुणी पिरगळत नसे. यंदा एस्तेरने देवाला गळच घातली. तिने मटण सोडलं, मोबाइल सोडला, दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गुडघे टेकून मागितलं, "पप्पांना ईस्टरनंतरही असंच ठेव." आज ईस्टरची मिस्सा संपल्यावर फादरसुद्धा म्हणाले, "पोरी, पप्पांकडून भक्ती शिक." घरी येताच पप्पांनी शर्ट बदलला. "भोसरीला मित्रांकडे जाऊन येतो." दार लागलं तशी आई मोरीत बसून एकेक बांगडी काढू लागली. "आई, माझा देवावर भरवसा आहे." "माझाही आहे. पण मागच्या ईस्टरला मनगटात रुतलेली काच तूच काढलीस ना?" शेवटची बांगडी अडकली. एस्तेरने दाराकडे पाहिलं आणि साबण पुढे केला.